लिफ्ट अडकली, बर्फ अर्धवट: स्कीचा दिवस वाया जाऊ नये म्हणून

खांब क्रमांक ११ आणि १२ यांच्या मध्ये डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टची आमची खुर्ची थांबली, तेव्हा आधी काही कळलंच नाही. डोक्यावर चाकांचा खडखडाट सतत चालू असतो. तो एकदम बंद झाला आणि शेजारच्या माणसाचं नाक ओढणंसुद्धा ऐकू यायला लागलं. खाली उताराचा अर्धा पट्टा पांढरा, अर्धा तपकिरी. कडेला स्नोगन (पाणी फवारून बर्फ बनवणारी यंत्रं) रांगेने उभ्या, पण एकही चालू नाही. पन्नास मिनिटं आम्ही तसेच लटकत होतो. माझा जाड स्वेटर गाडीत, फोन नऊ टक्क्यांवर, बॅग पाठीवर घट्ट बांधलेली. म्हणजे करता येण्यासारख्या सगळ्या चुका मी एकाच दिवशी करून ठेवल्या होत्या.

त्यानंतरच्या हंगामांत लिफ्ट चालवणाऱ्यांशी आणि रात्रभर बर्फ बनवणाऱ्यांशी जमेल तेव्हा गप्पा मारल्या. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. रिसॉर्टच्या फलकावर ‘बंद’ असा एकच शब्द दिसतो, पण त्यामागे दहा वेगवेगळी कारणं असतात. त्यातलं कुठलं हे ओळखता आलं, की थांबायचं की दुसरीकडे जायचं हे पाच मिनिटांत ठरवता येतं. ते कसं ओळखायचं, हे इथे बुकिंगपासून परतीपर्यंत क्रमाने सांगतो.

पायरी १: बुकिंगआधी नकाशा वाचा

बहुतेक लोक नकाशावर उतार मोजतात. तुम्ही लिफ्ट मोजा, आणि त्यातही पायथ्यापासून वर जायला किती वाटा आहेत ते आधी पाहा. एकच लिफ्ट असेल आणि ती बसली, तर वरच्या दहा लिफ्ट सुरू असूनही तुमच्या काही कामाच्या नाहीत. दोन स्वतंत्र वाटा असतील तर निम्मी काळजी मिटते.

मग लिफ्टचा प्रकार पाहा. साध्या चेअरलिफ्टमध्ये खुर्ची पोलादी दोराला कायमची आवळलेली असते आणि दोर सेकंदाला साधारण २ ते २.५ मीटर सरकतो. म्हणजे एक किलोमीटरला सात-आठ मिनिटं. जलद प्रकारात खुर्ची स्टेशनात दोरापासून सुटते, माणसं बसवताना हळू चालते आणि पुन्हा दोराला पकडते. तिथे दोराचा वेग सेकंदाला ५ मीटर किंवा त्याहून जास्त असतो. आरामशीर आहे, पण प्रत्येक फेरीत प्रत्येक खुर्चीची पकड तपासणारे सेन्सर असतात. एकाने शंका घेतली की सगळी लिफ्ट थांबते. जुनी, हळू, दोन माणसांची लिफ्ट दिसली की लोक नाक मुरडतात. मला मात्र तशी एखादी नकाशावर दिसली की बरं वाटतं. तिच्यात बिघडण्यासारखंच कमी असतं.

नकाशावर जमिनीवरून ओढत नेणाऱ्या लिफ्टही शोधून ठेवा. मोठ्या वाऱ्यात खुर्च्या बंद पडल्या तरी त्या बऱ्याचदा चालू राहतात.

शेवटी पाणी. रिसॉर्टचा स्वतःचा तलाव केवढा आहे, ही माहिती मिळाली तर सोडू नका. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर बर्फ अंथरायचा तर ३००० घनमीटर बर्फ लागतो. एक घनमीटर पाण्यापासून बर्फ होतो दोन-अडीच घनमीटर. म्हणजे एका हेक्टरला बाराशे ते पंधराशे घनमीटर पाणी, आणि उतार तर कित्येक हेक्टरांचे असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? थंडी कितीही पडो, तलाव छोटा असेल तर दोन-तीन रात्रींत पंप गप्प होतात.

पायरी २: आदल्या आठवड्यात तापमानासोबत आर्द्रताही पाहा

सर्वांत जास्त चिडचिड इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

‘काल रात्री उणे दोन होतं, तरी बर्फ का नाही बनवला?’ ही तक्रार प्रत्येक रांगेत ऐकू येते. उत्तर हवेच्या कोरडेपणात आहे. स्नोगन पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवते. थेंब जमिनीवर पडायच्या आत गोठायला हवेत आणि त्यासाठी त्यांची उष्णता कुठेतरी जायला हवी. काही हवा घेते. काही बाष्पीभवनाने जाते. ओल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते, तोच प्रकार. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २५०० किलोज्यूल उष्णता लागते आणि एक किलो पाणी गोठताना सुमारे ३३४ किलोज्यूल बाहेर पडते. म्हणजे थोडंसं पाणी उडून गेलं तरी ते मागच्या सातपट पाण्याची गोठण्याची उष्णता घेऊन जातं. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कसं?

म्हणून बर्फ बनवणारे साधं तापमान बघतच नाहीत. त्यांचा सगळा हिशेब वेट बल्ब तापमानावर चालतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून वारा दिला तर तो जे दाखवेल, ते हे तापमान. हवा शून्य अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर वेट बल्ब साधारण उणे ४ येतं. हवा उणे २ पण आर्द्रता ९५ टक्के असेल, तर ते जेमतेम उणे २ च्या थोडं खाली. म्हणजे शून्य अंशाची कोरडी रात्र उणे दोनच्या धुकट रात्रीपेक्षा चांगली.

तुमच्यासाठी ढोबळ कोष्टक असं: वेट बल्ब उणे २ च्या वर असेल तर स्नोगन चालू होण्याची आशा सोडा. उणे २ ते उणे ५ मध्ये बर्फ बनतो, पण ओला, जड आणि थोडा. उणे ६-७ च्या खाली गेलं की पंप पूर्ण जोरात चालवता येतात आणि बर्फ कोरडा पडतो. हवामानाच्या ॲपवर तापमान आणि आर्द्रता असतेच. त्यावरून वेट बल्ब काढून देणारी गणकयंत्रं इंटरनेटवर फुकट सापडतात. पुढच्या पाच रात्रींचे आकडे काढा. सलग तीन रात्री उणे ६ च्या खाली दिसल्या तर बॅग भरा. एकच रात्र दिसत असेल तर परत मिळणाऱ्या पैशांचं बुकिंग करा.

आणखी एक गंमत. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन दरीत साठते आणि पायथा शिखरापेक्षा गार होतो. अशा वेळी खालच्या स्नोगन आधी सुरू होतात. वर पांढरं आणि खाली तपकिरी, किंवा याच्या उलट, असं चित्र दिसलं की ‘व्यवस्थापन झोपलंय’ असा निष्कर्ष काढण्याआधी रात्री हवा कशी होती ते पाहा.

शून्याच्या वरही बर्फ तयार करणारी यंत्रं आहेत. ती मुळात बर्फाच्या कारखान्याची भावंडं. नवशिक्यांच्या छोट्या उतारापुरती ठीक. डोंगर भरवायचा तर थंडीला पर्याय नाही. अमेरिकेत कनेटिकटमध्ये १९५० साली वेन पियर्स आणि त्यांच्या साथीदारांनी रंग फवारायचा कॉम्प्रेसर, नोझल आणि बागेचा पाइप जोडून पहिली स्नोगन बनवली. यंत्रं तेव्हापासून कुठल्या कुठे गेली. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फाच्या स्पर्धा जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम बर्फावर झाल्या. तरी थेंबाने हवेतच गोठायला हवं, ही अट तीच आहे.

पायरी ३: ढीग दिसतोय, तरी उतार बंद का?

उताराच्या मधोमध बर्फाचे डोंगराएवढे ढीग आणि कडेला दोरी. ‘एवढा बर्फ पडलाय, पसरवा की!’ असं मीही ओरडलो आहे. या ढिगांना तिथले लोक व्हेल म्हणतात, दिसतातही तसेच. ताज्या ढिगाच्या पोटात न गोठलेलं पाणी असतं. लगेच पसरवलं तर रात्रीत त्याचा काचेसारखा थर होतो आणि तो मग आठवडाभर निघत नाही. म्हणून ढीग एक-दोन दिवस निथळू देतात आणि मग मशिनने पसरवतात. व्हेल दिसले आणि शेजारची स्नोगन बंद झाली, तर तो उतार दोनेक दिवसांत उघडायची शक्यता धरा. स्नोगन अजून फवारत असेल तर वेळ आहे.

बंद उतारावर दोरी ओलांडून जाऊ नका, संध्याकाळनंतर तर मुळीच नाही. तीव्र चढावर बर्फ सपाट करणारी गाडी वरच्या एखाद्या आधाराला पोलादी दोराने बांधलेली असते. तो दोर शेकडो मीटर लांब असू शकतो. अंधारात दिसत नाही, आणि ताण आला की जमिनीवरून उसळतो. त्याने माणसं मेली आहेत.

पायरी ४: सकाळचा अहवाल

‘६० टक्के उतार खुले’ हे वाक्य बिनकामाचं. ते ६० टक्के कुठले आणि त्यांच्यापर्यंत नेणारी लिफ्ट चालू आहे का, ते बघा. ‘पायथ्याला ४० सेंटिमीटर’ म्हणजे बहुधा जिथे मोजलं तिथे ४०. वेबकॅम असेल तर तो पहिला उघडा. कॅमेरा आकडे फुगवत नाही.

मग लिफ्टच्या नावापुढचा शब्द. नुसतं ‘बंद’ लिहिलं असेल तर माहितीच्या खिडकीवर एकच प्रश्न विचारा: वाऱ्यामुळे, बर्फ साचल्यामुळे, की यांत्रिक? वाऱ्यामुळे असेल तर अंदाजात वारा कधी पडणार ते बघून तेवढ्या तासांपुरतं दुसरीकडे जा. रात्री धुकं गोठून दोरावर आणि चाकांवर पांढरी साय चढली असेल, तर माणसं खांबांवर चढून हातोड्याने ती झाडतात. हे काम अकराच्या सुमाराला आटोपतं असा माझा अनुभव. यांत्रिक असेल तर पुढचा प्रश्न: विजेचं की गिअरबॉक्सचं? विजेचं बऱ्याचदा तासाभरात सुटतं. गिअरबॉक्स गेला तर त्या दिवसाचं सोडा, आठवड्याची योजना बदला. तसा सुटा भाग कुणी कपाटात ठेवत नाही.

उत्तर देणाऱ्या मुला-मुलीवर डाफरू नका. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा तो प्रकार. शिवाय नीट विचारलं की खरी माहिती तेच देतात.

पायरी ५: रांगेत असताना

बॅग पाठीवरून काढून मांडीवर घ्या आणि लोंबणारे पट्टे आत खोचा. उतरताना पट्टा खुर्चीत अडकून माणूस लटकण्याचे प्रकार होतात. काठ्यांचे फास मनगटातून काढा. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. बचाव पथकाचा नंबर तिकिटावर किंवा नकाशावर असतो, तो आधीच सेव्ह करा. (या पथकाला ‘स्की पेट्रोल’ म्हणतात. इंधनाचा काही संबंध नाही, पण पहिल्यांदा ऐकल्यावर मी पंप शोधत होतो.) खिशात पातळ जाकीट, जादा हातमोजे आणि काहीतरी खायला. बस, एवढंच.

पायरी ६: खुर्ची थांबली

मुळात थांबणं म्हणजे बहुतेक वेळा सुरक्षा यंत्रणा आपलं काम करते आहे. पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली अमेरिकेत आयडाहोतल्या सन व्हॅलीला सुरू झाली. रेल्वे कंपनीचे अभियंते जेम्स करन यांना ती जहाजावर केळ्यांचे घड चढवणाऱ्या आकड्यांवरून सुचली. त्या साध्या यंत्रावर आता पहाऱ्याचे थर चढले आहेत. चाकांजवळ एक ठिसूळ पट्टी असते. दोर चाकावरून सरकला की ती मोडते, विजेचं वर्तुळ तुटतं आणि लिफ्ट थांबते. या वर्तुळाची तार सगळ्या खांबांवरून जाते, त्यामुळे कुठे ओल शिरली तरी ती खोटा इशारा देऊन लिफ्ट थांबवते. नेहमीच्या ब्रेकखेरीज दोर फिरवणाऱ्या मोठ्या चाकावर आणीबाणीचा वेगळा ब्रेक असतो. खरी भीती न थांबणाऱ्या लिफ्टची. १६ मार्च २०१८ रोजी जॉर्जिया देशातल्या गुदाउरी इथे चेअरलिफ्ट वेगाने उलटी खाली धावली आणि माणसं फेकली गेली. त्याच्या तुलनेत स्थिर खुर्ची हा सुखाचा प्रसंग.

मग घड्याळ बघा.

पहिली दोन मिनिटं: बहुधा चढताना किंवा उतरताना कुणीतरी पडलंय. काही करू नका. आडवी दांडी खालीच ठेवा. पुन्हा सुरू होताना खुर्ची हेलकावे खाते. दांडी वर करून बसलेले नेमके तेव्हा घाबरतात.

पाच ते पंधरा मिनिटं: कर्मचारी कुठे आहेत ते पाहा. वर-खाली स्टेशनातच असतील तर वीज किंवा सेन्सर. कुणी खांबाच्या शिडीवर चढताना दिसलं तर चाक किंवा दोर. आता जाकिटाची चेन पूर्ण लावा, टोपी ओढा, बोटं मुठीत घ्या. उणे १० अंशात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं लागतं. स्कीच्या वजनाने पाय बधिर होतात. पाय ठेवायची दांडी असेल तर वापरा, नसेल तर एकेक पाय उचलून हलवत राहा. पण खुर्ची झुलवू नका. एकाच्या झुलण्याने पुढच्या-मागच्या खुर्च्याही हलतात.

पंधरा मिनिटांनंतर: लिफ्ट एकदम मुंगीच्या पावलांनी चालू झाली तर आनंद माना. मुख्य मोटर सोडून डिझेलच्या राखीव इंजिनावर तुम्हाला वर नेत आहेत. मध्ये मध्ये थांबेल, तरी पोहोचवेल. वर पोहोचलात की ती लिफ्ट त्या दिवसापुरती विसरा आणि लगेच दुसऱ्या भागात जा. अर्ध्या तासात तिथेही रांग लागते. काहीच हललं नाही तर पथकाला फोन करा आणि खांबाचा क्रमांक सांगा. प्रत्येक खांबावर तो मोठ्या अक्षरात असतो. कुणाला मधुमेह, दमा असेल किंवा सोबत लहान मूल असेल तर तेही सांगा. खाली उतरवायचा क्रम ठरवताना त्याचा उपयोग होतो.

उडी मारू नका. खालचा बर्फ मऊ दिसतो, पण तो बहुधा कृत्रिम आणि घट्ट असतो. वरून उंचीचा अंदाजही येत नाही. आमच्या शेजारच्या खुर्चीवरचा एकजण ‘दोन मजलेच तर आहेत’ म्हणत होता. दोन मजले!

पायरी ७: दोराने उतरवायची वेळ आली तर

पथक खांबाखांबाने येतं. मुख्य दोरावरून एक दोरी टाकतात आणि तिच्या टोकाला बसायची पट्टी किंवा छोटी बैठक असते. ती काखेतून की मांड्यांखालून घ्यायची, स्की पायात ठेवायच्या की टाकायच्या, हे ते ओरडून सांगतात आणि ठिकाणाप्रमाणे बदलतं. आधी कुठेतरी वाचलेलं डोक्यातून काढून टाका आणि त्यांचंच ऐका. दांडी त्यांनी सांगितल्यावरच वर करा. हेल्मेट घालूनच ठेवा. खाली पाय टेकले की बाजूला व्हा, कारण पुढचा माणूस तिथेच येणार असतो.

पायरी ८: अर्धवट बर्फावर स्की कशी करायची

कृत्रिम बर्फाचे कण गोल आणि घट्ट असतात. एक घनमीटर भरतो ४०० ते ५०० किलो. ताज्या नैसर्गिक बर्फाचं वजन त्याच्या पाव भागाइतकं, कधी त्याहूनही कमी. म्हणून कृत्रिम बर्फ टिकतो आणि म्हणूनच पडल्यावर लागतो. स्कीच्या कडांना धार लावून घ्या. बोथट कडांनी या बर्फावर उतरणं म्हणजे नुसती घसरगुंडी.

चालू स्नोगनखालून जायची वेळ आली तर तिथे थांबू नका. चष्म्यावर बर्फाची साय धरते आणि ताज्या ओल्या पट्ट्यावर स्की एकदम चिकटल्यासारखी अडते. गुडघे सैल ठेवा, वजन थोडं मागे घ्या, सरळ निघून जा. नळाचे खांब आणि पाइप गाद्यांनी झाकलेले असतात, तरी त्यांच्यापासून लांबच राहा.

बर्फ कसा आहे हे जाणून घ्यायची एक युक्ती मला रात्रपाळीच्या एका माणसाने दाखवली. स्नोगनच्या फवाऱ्यात हात लांब करायचा आणि कण जाकिटाच्या बाहीवर पडू द्यायचे. टप्पा खाऊन उडाले तर बर्फ कोरडा. बाहीला चिकटून ओला डाग पडला तर पाणी जास्त. त्याने एकदा बाही पाहिली, डोकं हलवलं आणि पाण्याची झडप अर्धं वळण बंद केली. सबंध रात्र तो हेच करत होता, एका नळावरून दुसऱ्यावर चालत. त्या बाहीवर नंतर बर्फाचं चिलखत चढलं होतं, कोपर दुमडताना ते कडकड मोडत होतं.

पायरी ९: पैसे मागायचे तर

तिकीट घेतानाच नियम वाचा. बहुतेक ठिकाणी वाऱ्यासाठी किंवा कमी बर्फासाठी भरपाई नसते, पण लिफ्टमध्ये बराच वेळ अडकलात तर पुढच्या दिवसाचं तिकीट अनेकदा मिळतं. ते मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही. त्याच दिवशी जा. खुर्ची थांबल्याची आणि सुटल्याची वेळ, लिफ्टचं नाव आणि खांबाचा क्रमांक लिहून न्या. तिकिटाचं कार्ड गेटवर टेकवलंत ती वेळ त्यांच्या यंत्रणेत नोंदलेली असते, ती तपासायला सांगा. घरी जाऊन चार दिवसांनी रागाने लिहिलेल्या पत्राला छापील उत्तर येतं. मला तसंच आलं होतं.